मूळ प्रत नसलेली जुळणी : बडोद्यातलं एक ल्युपस प्रकरण

उत्तरायणाच्या दिवशी ती सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत अगाशीवर होती. पतंग तिला फारसा येत नाही, ती धाकट्या भावाची फिरकी धरून उभी होती. पतंग उडवणारा निदान पेच संपला की टाकीच्या आडोशाला टेकतो. फिरकीवाल्याला तीही सोय नाही, कारण ढील कधी द्यावी लागेल याचा नेम नसतो. (गच्चीला आम्ही बडोद्याचे मराठी लोक अगाशीच म्हणतो, आणि वासी उत्तरायणही सोडत नाही. त्यामुळे पंधरा जानेवारीही उन्हातच गेली.) तिसऱ्या दिवशी दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांडीवर लाल चट्टा उठला. नाकाच्या कडेपासून ओठाकडे उतरणारी घडी तेवढी कोरी राहिली होती. तिने मोबाइलवर काढलेल्या फोटोत ती कोरी रेघ स्पष्ट दिसते. फोटो माझ्यापर्यंत आला तो मार्चमध्ये.

मी पॅथॉलॉजिस्ट. माझ्याकडे माणसं येत नाहीत, त्यांचे नमुने येतात. ही मुलगी मात्र दांडिया बाजारातल्या आमच्या माहेरच्या वाड्यातली, मला मावशी म्हणणारी. वय २४, एम.कॉम. करता करता एका ऑफिसात हिशेब लिहायची. वडील आयुष्यभर छापखान्यात कंपोझिटर होते. आधी हाताने खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवायचे, नंतर संगणकावर. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि हे लिहायला घरच्यांची संमती आहे. बाकी आजाराचा क्रम जसा घडला तसाच आहे.

जवळच्या एका डॉक्टरांनी उन्हाची ॲलर्जी म्हणून मलम दिलं. मलमात स्टेरॉइड होतं, चट्टा फिका पडला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. त्यांना मी फार दोष देणार नाही. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अर्ध्या बडोद्याची तोंडं भाजलेली असतात. पण सहा आठवडे गेले ते गेलेच. फेब्रुवारीत सकाळी बोटं आखडू लागली, डब्याचं झाकण फिरवायला आईला हाक मारावी लागे. केस विंचरले की कंगव्यात पुंजका येई. तोंडाच्या आत टाळूला फोड होते, पण दुखत नव्हते, म्हणून तिने कोणाला सांगितलंच नाही. ल्युपस म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच अवयवांवर उठते तो आजार. त्यात तोंड येतं ते बऱ्याचदा असंच, न दुखणारं. मार्चच्या सुरुवातीला ती आईला म्हणाली, "लघवीचा फेस दोनदा पाणी ओतलं तरी जात नाही." त्याच आठवड्यात चपलेचा पट्टा पायावर रुतू लागला.

काचेखाली काय दिसलं

हिमोग्लोबिन ९.२, पांढऱ्या पेशी ३१००, ईएसआर ७८. सीआरपी मात्र जेमतेम ६. या दोन्ही तपासण्या शरीरातला दाह मोजतात. ईएसआर आभाळाला आणि सीआरपी जमिनीवर, अशी जोडी दिसली आणि ताप असूनही संसर्ग सापडत नसला, की आमच्या डोक्यात ल्युपस येतोच. लघवीत प्रथिनं तीन प्लस, प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर २.८. रक्तातलं सी३ हे पूरक (अँटिबॉडीच्या जोडीने काम करणारं) प्रथिन ३८ वर आलेलं, जे साधारण ९० च्या वर असायला हवं. त्याच कुळातलं सी४ही कमीच, ५.

एएनए म्हणजे पेशीकेंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधण्याची तपासणी. काचपट्टीवर हेप-२ नावाच्या मानवी पेशी चिकटवलेल्या असतात. त्यांवर पेशंटचं सीरम घालायचं, धुवायचं, मग हिरवं चमकणारं रंगद्रव्य घालून अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. हिच्या पट्टीवर प्रत्येक केंद्रक कच्च्या कैरीच्या सालीसारखं एकसंध हिरवं होतं. विभाजन होत असलेल्या पेशींत गुणसूत्रांची आडवी पट्टीही तितकीच उजळलेली. यालाच आम्ही होमोजिनिअस नमुना म्हणतो. त्यावरून रोख डीएनए आणि त्याला गुंडाळलेल्या प्रथिनांकडे जातो. खात्रीसाठी क्रिथिडिया केली. क्रिथिडिया हा माशीच्या पोटात राहणारा एकपेशीय परजीवी. त्याच्या शेपटीच्या बुडाशी शुद्ध दुपदरी डीएनएचा एक ठिपका असतो. तो ठिपका पेटला तर पेशंटच्या रक्तात डीएनएविरुद्धची अँटिबॉडी आहे, हे जवळपास पक्कं. हिच्या पट्टीवर ओळीने ठिपके पेटले होते, रात्री तुक्कल (पतंगाच्या दोरीला बांधलेले कंदील) चढवल्यासारखे. रो या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडीही जोरात होती.

मूत्रपिंडाची बायोप्सी करावी लागली. २४ ग्लोमेरुलसपैकी (मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्यांपैकी) १५ पेशींनी गच्च भरलेले, चौघांत चंद्रकोरी, काहींच्या भिंती तारेच्या वेटोळ्यासारख्या जाड. वर्ग ४ चा ल्युपस नेफ्रायटिस, म्हणजे ल्युपसने मूत्रपिंडाला झालेला दाह. प्रतिदीप्तीच्या (चमकत्या रंगाच्या) काचांवर आयजीजी, आयजीए, आयजीएम या अँटिबॉडींच्या जाती आणि सी३, सी१क्यू ही पूरक प्रथिनं, सगळेच हजर. याला 'फुल हाउस' म्हणतात, नाव पत्त्यांच्या खेळातून आलंय. शेवटच्या दोन काचा कप्पा आणि लॅम्डाच्या. प्रत्येक अँटिबॉडीत दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या साखळ्या असतात. हलकी साखळी एक तर कप्पा जातीची किंवा लॅम्डा जातीची. रक्ताच्या काही कर्करोगांत एकच जात उजळते, कारण तिथे एकाच पेशीची पिलावळ माजलेली असते. हिच्यात दोन्ही सारख्याच उजळल्या होत्या. म्हणजे गुन्हेगार एक नव्हता, वेगवेगळ्या घराण्यांतल्या कितीतरी बी पेशींनी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींनी) मिळून हे केलं होतं.

रिपोर्टात मी एवढंच लिहिलं : कप्पा ३ प्लस, लॅम्डा ३ प्लस. पुढचं सगळं त्या ओळीवरून निघालं.

"हे माझ्यात आलं कुठून?"

हा प्रश्न तिने उपचार सुरू झाल्यावर विचारला. त्याआधी घरात दोन उत्तरं तयार झाली होती. एक आत्याचं : "इम्युनिटी जास्त झाली, ते काढे घ्यायची ना." दुसरं कोणी तोंडाने बोललं नव्हतं, पण भाऊ ते घेऊन फिरत होता. त्याने फिरकी कपाटावर टाकून दिली होती आणि ताईच्या खोलीत जायचं टाळत होता.

आत्याचं उत्तर मला दवाखान्यांतूनही ऐकू येतं, आणि त्याने माझं डोकं फिरतं. "तुमची प्रतिकारशक्ती जास्त आहे" असं सांगितलं की पेशंटला वाटतं, थोडी अशक्त झाले तर बरी होईन. मग उपास सुरू होतात. ल्युपसमध्ये शक्ती जास्त नसते. या मुलीच्या पांढऱ्या पेशी तर कमीच होत्या. बिघाड असतो निवडीत : कोणती बी पेशी बाहेर पडू द्यायची आणि कोणती अडवायची, त्या जागी.

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले. सेव-उसळ झाली आणि तिच्या वडिलांनी ट्रंकेतून कंपोझिंग स्टिक, म्हणजे खिळे ओळीत लावायची पट्टी, काढली. छापखान्याने शिशाचे खिळे भंगारात वजनावर विकले तेव्हा त्यांनी ही एक मागून घेतली होती. "डॉक्टर, तुमचं ते जुळवाजुळवीचं सांगा, मला तेवढंच कळेल," ते म्हणाले. मी तिथूनच सुरुवात केली.

प्रत्येक बी पेशीला आपली अँटिबॉडी घडवायला तयार जनुक मिळत नाही, खिळे मिळतात. जड साखळीची केस (खिळे ठेवायची खणांची पेटी) १४ व्या गुणसूत्रावर. तिच्यात व्ही, डी आणि जे असे तीन प्रकारचे खण. कप्पाची केस २ ऱ्या गुणसूत्रावर, लॅम्डाची २२ व्या. कप्पाच्या केसमध्ये कामाचे व्ही खिळे चाळीसच्या आसपास आणि जे खिळे पाच. प्रत्येक खणातला एकेक उचलायचा आणि शेजारी लावायचा. जोडताना सांध्यात एखाददुसरं अक्षर कमीजास्त होतं, त्यामुळे दोन पेशींची जुळणी सहसा सारखी निघत नाही. जनुकं अशी जागा बदलतात हे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये उंदरांवर दाखवलं, त्याबद्दल त्यांना १९८७ चं नोबेल मिळालं. तोडजोड करणाऱ्या एन्झाइमची नावं रॅग-१ आणि रॅग-२.

वडिलांनी लगेच विचारलं, "आणि प्रूफ कोण वाचतं?"

"पेशी स्वतःच. अस्थिमज्जेत, बाहेर पडायच्या आधी. जुळलेली अँटिबॉडी ती आपल्या अंगावर रिसेप्टर म्हणून लावते आणि आसपासच्या गोष्टींना चिकटते का ते पाहिलं जातं. स्वतःच्याच शरीराला घट्ट चिकटली, की चूक."

"पण प्रूफ वाचायला शेजारी मूळ प्रत लागते. ती कुठे असते?"

मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना हा विषय शिकवलाय, हा प्रश्न मला कोणी केलेला नाही. मूळ प्रत नसतेच. बरोबर अँटिबॉडी कशी दिसते हे अस्थिमज्जेला ठाऊक नसतं, तिला फक्त काय चिकटू नये एवढंच तपासता येतं. आणि तेही तिथे जे हजर असेल त्याच्यापुरतंच. मेलेल्या पेशींचा डीएनए तिथे असतो, डोळ्यातलं किंवा सांध्यातलं एखादं प्रथिन नसतं. म्हणून बाहेर रक्तात आणि प्लीहेत आणखी एक चौकी लागते.

चुकीच्या जुळण्या किती निघतात? हेडा वार्डेमान आणि मिशेल नुसेन्झ्वाइग यांच्या गटाने २००३ मध्ये निरोगी माणसांच्या एकेका बी पेशीतून अँटिबॉडी काढून तपासली. अस्थिमज्जेतल्या अगदी कोवळ्या पेशींपैकी ५५ ते ७५ टक्के स्वतःच्याच शरीराला चिकटत होत्या. मी हा आकडा सांगितल्यावर मुलगी उशीला टेकलेली उठून बसली. "म्हणजे तुझ्यातही?" माझ्यातही, तिच्या आत्यातही. रोज. रक्तात येऊन स्थिरावलेल्या पेशींत हे प्रमाण निरोगी माणसात विसाच्या आत येतं. मधल्या मध्ये काहीतरी होतं, आणि त्यातला मोठा भाग म्हणजे रिसेप्टर एडिटिंग.

खिळा बदलणं

आधी समज अशी होती की स्वतःवर उठणारी बी पेशी मारून टाकली जाते किंवा तिला झोपवलं जातं. दोन्ही होतं. पण १९९३ मध्ये डेव्हिड नेमाझी आणि मार्टिन वायगर्ट यांच्या गटांनी वेगवेगळे प्रयोग करून दाखवलं की मरण्याआधी पेशीला आणखी एक संधी मिळते. रिसेप्टर स्वतःच्या शरीराला चिकटला की पेशी तो आत ओढून घेते, रॅग एन्झाइम चालूच राहतात आणि हलकी साखळी पुन्हा जुळवली जाते. जड साखळी तीच राहते.

कप्पाच्या केसमध्ये ही दुरुस्ती मोठी सुबक होते. लावलेल्या जोडीच्या मागचा एखादा व्ही आणि पुढचा एखादा जे यांची नवी जोडी लागते. मधली जुनी जोडी वर्तुळ होऊन निखळून पडते. तीही चिकटली तर आणखी पुढचा जे. पाच जे संपले की जोडीतल्या दुसऱ्या प्रतीवरची कप्पा. तीही गेली की कप्पाच्या शेवटी बसलेला एक तुकडा पूर्ण कप्पाच बाद करतो आणि लॅम्डाची केस उघडते. म्हणून आपल्या शरीरातल्या लॅम्डाच्या कित्येक पेशी म्हणजे कप्पात नापास होऊन आलेल्या. उंदरांवरच्या २००१ च्या एका कामात असं दिसलं की तयार अँटिबॉडींपैकी सुमारे पाव हिस्सा असा खिळा बदलून झालेला असतो. हे अधूनमधून होणारं काम नव्हे, कारखान्याचं रोजचं काम आहे.

डीएनएच्या बाबतीत ही दुरुस्ती कशी लागते, ते वायगर्टच्या गटाने फार बारकाईने पाहिलं. डीएनएवर ऋण भार असतो. जड साखळीच्या टोकाशी आर्जिनिन हे धन भाराचं अमिनो आम्ल आलं, की ती डीएनएला चुंबकासारखी धरते. मग एडिटिंगमध्ये अशी हलकी साखळी लागली जिच्यात ॲस्पार्टिक आम्लाचा ऋण भार आहे, तर तो धन भार झाकला जातो आणि पकड सुटते. अशा साखळ्या मोजक्याच. त्यांना 'एडिटर' हलक्या साखळ्या म्हणतात.

वडील स्टिकमध्ये बोट फिरवत म्हणाले, "म्हणजे आधीची ओळ तशीच, फक्त शेवटचा खिळा बदलून भागवलं." त्यांच्या बोलण्यात नाराजी होती, आणि ती बरोबर जागी होती. डीएनए धरणारी जड साखळी मरत नाही, ती झाकून पुढे पाठवली जाते. ही पेशी पुढे लसिकाग्रंथीत गेली, तिथे अँटिबॉडीच्या जनुकात बदल होत राहतात तसे हिच्यातही झाले आणि झाकण सरकलं, तर जुनी पकड परत येऊ शकते. वायगर्टच्या गटाने १९९३ च्या निबंधाच्या शीर्षकातच एडिटिंगला 'सहनशीलतेतून निसटण्याचा मार्ग' म्हटलं होतं. तेव्हा ते अनेकांना विचित्र वाटलं असणार.

दुसरी पळवाट मला त्याहून जास्त खरी वाटते. नवी हलकी साखळी त्याच गुणसूत्रावर जुळली तर जुनी निखळते, पण जोडीतल्या दुसऱ्या प्रतीवर किंवा लॅम्डावर जुळली तर जुनी जागेवरच राहू शकते. मग एकाच पेशीच्या अंगावर दोन जातींचे रिसेप्टर येतात, एक निरुपद्रवी आणि एक डीएनए धरणारा. डीएनए धरणारे निम्मेच असल्याने धोक्याचा इशारा अर्धवट जातो आणि पेशी चौकीतून सुटते. बाहेर पडल्यावर ती दोन्ही अँटिबॉडी बनवू शकते. ल्युपससारखा आजार होणाऱ्या उंदरांत अशा दुतोंडी पेशी जास्त सापडल्या, त्यातही स्मृतिपेशींत आणि अँटिबॉडी ओतणाऱ्या पेशींत विशेष. दुरुस्तीचं कामच इथे गुन्ह्याला आडोसा देतं.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात साधी : दुरुस्ती पुरेशी न होणं. फ्रान्समधल्या एका गटाने १९९४ मध्ये ल्युपसच्या पेशंटांतल्या डीएनएविरोधी अँटिबॉडी पाहिल्या, तर त्यांच्या कप्पाच्या जोड्या बहुतेक पहिल्या फटक्यात लागलेल्या होत्या, खिळा बदलल्याच्या खुणा नव्हत्या. २००८ मध्ये कप्पा बाद करणाऱ्या त्या तुकड्याची जुळणी किती पेशींत झाली हे मोजलं गेलं. ल्युपस आणि टाइप १ मधुमेह असलेल्या काही पेशंटांत ती कमी निघाली. याच्या उलट १९९८ मध्ये उपचार न घेतलेल्या ल्युपसमध्ये एडिटिंग वाढल्याच्या खुणाही सापडल्या होत्या. या दोन निष्कर्षांचा झगडा लावायचं मला कारण दिसत नाही. चुकीच्या जुळण्यांचा लोंढा वाढला तर दुरुस्ती वाढलेली दिसेल. दुरुस्तीचा हात ढिला पडला तर कमी दिसेल. आणि ल्युपस हे एकाच आजाराचं नाव असलं तरी वाटा अनेक आहेत. अंतिम हिशेब मात्र २००५ मध्ये स्पष्ट झाला : उपचार न घेतलेल्या ल्युपसच्या मोजक्या पेशंटांत, अजून कशाशीही न लढलेल्या कोऱ्या बी पेशींपैकी २५ ते ५० टक्के स्वतःच्या शरीराला चिकटत होत्या, निरोगी माणसांत ५ ते २० टक्के.

इथे एक सावधगिरी. माझ्या कप्पा-लॅम्डाच्या काचांनी एडिटिंग बिघडल्याचं सिद्ध होत नाही. त्या फक्त सांगतात की अनेक घराण्यांच्या पेशी सामील आहेत. बडोद्यातच काय, कुठल्याही नेहमीच्या प्रयोगशाळेत पेशंटचं एडिटिंग मोजायची तपासणी नसते. आणि डीएनएविरोधी अँटिबॉडींतल्या कित्येक लसिकाग्रंथीतल्या बदलांनंतर घडतात. २००५ च्या एका कामात अशा मानवी अँटिबॉडींतले बदल मागे फिरवले, तर त्यांची डीएनएवरची पकडच गेली. तेव्हा सगळं खापर अस्थिमज्जेवर फोडणं चूक. माझं मत असं, की अस्थिमज्जेतून नको तितक्या शंकास्पद पेशी बाहेर पडतात, आणि त्यांतली कोणती माजेल ते बाहेर ठरतं.

फिरकी

बाहेर काय ठरवतं, हे भावाला सांगायला हवं होतं.

उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात. मरणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर फुगवटे येतात आणि केंद्रकातला माल, डीएनए आणि रो प्रथिनही, त्या फुगवट्यांत येऊन बसतो. एरवी तो झटपट उचलला जातो. पण रक्तात आधीच त्याविरुद्धच्या अँटिबॉडी असतील तर त्यांचे गठ्ठे होतात, पूरक प्रथिनं खर्च होतात (हिचं सी३ म्हणूनच घसरलं होतं) आणि गठ्ठे मूत्रपिंडात अडकतात. शिवाय डीएनए किंवा आरएनए धरणारी बी पेशी तो माल आत ओढते, तेव्हा आतले टीएलआर-९ आणि टीएलआर-७ हे संवेदक जागे होतात आणि अर्धवट झोपलेली पेशीही पेटते. टीएलआर-७ चं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि बायकांच्या काही पेशींत दोन्ही प्रतींतून ते चालू राहतं. ल्युपसच्या दर दहा पेशंटांत नऊ बायका असतात त्याचं हे एक कारण. भरीला बॅफ नावाचं प्रथिन बी पेशींना जगवतं. ते वाढलं की ज्या कमजोर, शंकास्पद पेशी एरवी मेल्या असत्या त्या तगून राहतात.

"मग उन्हानेच ना?" भाऊ म्हणाला. तो दारातच उभा होता.

मी त्याला अमेरिकन सैन्याच्या साठवलेल्या रक्ताची गोष्ट सांगितली. तिथे सैनिकांचं सीरम वर्षानुवर्षं गोठवून ठेवतात. पुढे ज्यांना ल्युपस झाला अशा १३० जणांचे जुने नमुने काढून पाहिले. हे काम २००३ मध्ये छापून आलं. ८८ टक्क्यांच्या रक्तात निदानाच्या आधीच निदान एक तरी स्व-अँटिबॉडी होती, सरासरी तीन वर्षांहून आधी, एकात तर नऊ वर्षांहून आधी. क्रमही ठरलेला : एएनए आणि रो सारख्या आधी येतात, डीएनएविरुद्धच्या त्यानंतर. "तुझ्या ताईच्या रक्तात हे फिरकी धरायच्या कितीतरी आधीपासून असणार. उन्हाने ते वर आणलं. एखाद्या लग्नातल्या दुपारच्या वरातीनेही आणलं असतं."

तो काही बोलला नाही. पण चहा झाल्यावर पहिल्यांदा तिच्या पलंगाच्या काठावर येऊन बसला.

उपचार आणि पुढचं वर्ष

हा भाग भराभर सांगते, कारण त्यात नवल काही नाही. तीन दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, मग तोंडाने प्रेडनिसोलोन, हळूहळू उतरवत. प्रतिकारयंत्रणा दाबणारं मायकोफेनोलेट दिवसाला दोन ग्रॅम. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन २०० मिलिग्रॅम, वजन ४८ किलो असल्याने तेवढंच. डोळे आधी तपासून घेतले. हे औषध पेशीच्या आतल्या, ते टीएलआर असतात त्या पिशव्यांवरच काम करतं, म्हणून ते मला ल्युपसमधलं सगळ्यात कमी लेखलेलं औषध वाटतं. लोक ते मलेरियाचं म्हणून सोडून देतात. तिनेही दोन महिने सोडलं होतं; आत्याने कुठूनसं ऐकलं होतं की त्याने आंधळेपण येतं. डोळ्यांची ठरलेली तपासणी चुकवली नाही आणि डोस वजनाप्रमाणे ठेवला तर तो धोका फार कमी असतो, हे दोघींना समोर बसवून सांगावं लागलं.

सहा महिन्यांत सी३ ८१ वर आलं, वर्षाने ९४. प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर २.८ वरून ०.४. डीएनएविरुद्धची अँटिबॉडी पाचव्या हिश्शावर आली. रो मात्र तस्सं राहिलं, तसूभरही हललं नाही. तिला ते खटकलं. कारण असं की डीएनएविरुद्धच्या अँटिबॉडी मुख्यतः थोड्या दिवसांच्या, सतत नव्याने भरती होणाऱ्या पेशी ओततात; भरती रोखली की पातळी उतरते. रोच्या अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतात आणि या औषधांना दाद देत नाहीत.

वडिलांनी पेपरात कार-टीबद्दल, म्हणजे पेशंटच्याच टी पेशी बदलून बी पेशींवर सोडण्याच्या उपचाराबद्दल, वाचलं होतं. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या भारतीय कार-टीला २०२३ मध्ये मान्यता मिळाली ती रक्ताच्या कर्करोगांसाठी. ल्युपससाठी ती पहिल्यांदा वापरली जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये, गेओर्ग शेट यांच्या गटाने. ज्यांना कशानेच गुण येत नव्हता अशा पेशंटांच्या सगळ्या बी पेशी त्यांनी पुसून टाकल्या. साधारण शंभरेक दिवसांनी बी पेशी परत आल्या, कोऱ्या, आणि डीएनएविरुद्धच्या अँटिबॉडी त्यांच्याबरोबर परतल्या नाहीत. त्याच अस्थिमज्जेने, त्याच केसमधून, नव्याने जुळणी केली होती.

"म्हणजे छापखाना ठीक आहे, गठ्ठे खराब होते," वडील म्हणाले.

मी मान डोलावली, पण पूर्ण नाही. स्व-अँटिबॉडी आजाराच्या कितीतरी वर्षं आधी साचायला लागतात हे वर आलंच आहे. त्या पेशंटांचा पाठपुरावा अजून तितका लांब नाही. हिला त्याची गरजही नव्हती, गोळ्यांनी ती बरी चालली होती.

पुढच्या उत्तरायणाला ती दुपारभर घरात उंधियूची भाजी निवडत बसली. सूर्य बुडाल्यावर पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून अगाशीवर गेली आणि भावाने तुक्कल चढवली तेव्हा फिरकी तिनेच धरली.

आता तिचं लग्न ठरलंय. मायकोफेनोलेट गर्भाला घातक, म्हणून ते थांबवून अझाथायोप्रिन सुरू केलंय. आजार सहा महिने शांत राहिल्याशिवाय मुलाचा विचार नको, असं नवऱ्या मुलासमोरच सांगितलं. रोच्या अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जातात आणि शंभरात एक-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके अडवतात, म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन गरोदरपणातही चालू राहील आणि सोळाव्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी होत राहील. तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी हे लाल पेनाने लिहून ठेवलंय. वडिलांनी त्यात एक ऱ्हस्वदीर्घाची चूक काढली.